कहकशांआपा आणि सातवं कलम

ट्यूशन एरियात सध्या अशी बातमी फिरून राहिलीय की आमच्या घरमालकाच्या पोरीनं, म्हणजे कहकशांआपानं, दोन कंपन्यांची ऑफर लेटरं बकरीपुढं टाकली आणि बकरीनं जे खाल्लं नाही त्या कंपनीत ती गेली. मेसमधली एक पोरगी तर डोळे मोठे करून सांगत होती, "निलंग्याहून आणली म्हणे बकरी, मुद्दाम! पुण्याचा कागद कचाकचा खाल्ला बाई. हैदराबादचा नुसता हुंगला अन् शिंकली. मग काय, हैदराबाद!"

बकरी आहे, हे खरं. ती शेजारच्या नीलाबाईची आहे, निलंग्याची नाही, आणि तिनं एकच कागद खाल्ला. तो माझ्या फिजिक्सच्या टेस्टचा होता, मी जिन्यावर विसरलेला. ऑफर लेटरं तेव्हा जन्नतचाचीच्या, म्हणजे आपाच्या आईच्या, पत्र्याच्या पेटीत कुलपात होती. मी त्याच घराच्या माडीवर भाड्यानं राहते. अहमदपूरची, बारावी करायला लातूरला आलेली. लेटरं आल्यावर पंधरा-वीस दिवस जे बोलणं झालं ते मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून ऐकलंय. फिजिक्स कमी ऐकलं, हे जास्त. तर खरं काय झालं ते सांगते.

आधी सलीमचाचा, आमचे घरमालक. चाचा अडत बाजारात माल बघतात. तीस वर्षं तेच काम. तुरीची पोती आली की एक टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, आतले दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, "ओल हाय," नाहीतर "दोन शेतांची हाय, मिसळलीय." अडते आणि खरेदीदार एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, पण चाचाच्या दातावर ठेवतात. आणि चाचाचं एकच वाक्य, दिवसातून चारदा, घसा खाकरून: "पोत्याचं तोंड समद्यांचंच ग्वाड असतंय पोरी. खराब माल वर कोन घालंल? नळी मधी घाल."

कहकशांआपा याच दाताची पोरगी. नांदेडला इंजिनीअरिंग केलं आणि गेलं वर्षभर, म्हणजे २००६ पासून, इथल्याच एका क्लासच्या मागच्या खोलीत बसून निकालाचं सॉफ्टवेअर लिहीत होती. रविवारी चार हजार पोरं गोल काळे करायची टेस्ट देतात आणि सोमवारी सकाळी सातला भिंतीवर निकाल. आधी त्याला तीन दिवस लागायचे आणि तीन दिवस आईबाप फोन करून करून क्लासवाल्यांचं डोकं खायचे. आता पोरं सातच्या ठोक्याला भिंतीपाशी येतात, आपापला नंबर शोधतात आणि तिथंच रडायला लागतात. हे सगळं एका बाईनं एका खोलीत बसून केलंय हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांना वाटतं मशीननं केलं.

तिचं काम करणं मी एकदाच बघितलं आणि तेव्हापासून तिच्यापुढं माझी बोलती जरा बंदच असते. तिनं मला पन्नास कोऱ्या उत्तरपत्रिका दिल्या आणि म्हणाली, "उज्वला, चुका कर."

"कसल्या?"

"जेवढ्या सुचतील तेवढ्या. सरळ वागणारी पोरं मला नकोत. ती काय, कुठल्याबी प्रोग्रॅममध्ये सरळच जातात."

मला तर पर्वणीच. मी एका प्रश्नाला दोन गोल केले, अर्धे गोल केले, चहा सांडला, दुसरीचा नंबर टाकला, एका पत्रिकेवर तर नुसतं फूल काढलं. मशीननं एकोणपन्नास पकडल्या. पन्नासावी मी उलटी धरून भरली होती, डोकं खाली पाय वर, आणि तिला चक्क बहात्तर मार्क मिळाले. मला वाटलं आपा चिडेल. ती टाळ्या वाजवत उठली. "घावली! घावली गं!" चुकीवर एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. आमच्या घरी चुकीला वेगळं काहीतरी मिळतं.

मग जूनमध्ये, एका आठवड्यात, दोन लेटरं आली. एक पुण्याच्या कंपनीचं. काचेची बिल्डिंग, हजारो माणसं, पगार ऐकून चाचांनी खाटेवर बसून घेतलं. दुसरं हैदराबादचं. तिथं साठ-सत्तर माणसं, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर, पगार बराच कमी. दोघांनाही महिनाअखेरच्या शनिवारी उत्तर पाहिजे होतं. गल्लीचं उत्तर त्याच दिवशी तयार झालं.

"पुणं म्हणजे पुणं!" नीलाबाई बकरीला ओढत म्हणाल्या. "हैदराबादला काय, आमचा दीर बी जातो, बांगड्या आनायला."

पण दोन्ही लेटरांत एक सारखीच गोष्ट होती. दोन वर्षांचा बाँड, आणि दोन वर्षं दहावीपासूनच्या सगळ्या मूळ मार्कशीट, मूळ डिग्री कंपनीच्या कपाटात ठेवायची. पोरगं मधेच पळून जाऊ नये म्हणून. हैदराबादच्या लेटरात हे सातवं कलम होतं. आपानं ते वाचून दाखवलं आणि जन्नतचाचीचा पोळीवर तूप लावणारा हात थांबला.

"मंजी कागद त्येंच्याकडं?"

"हौ अम्मी. दोन वर्षं."

"अस्सल?"

"अस्सल."

चाची उठली, दाराशी असलेल्या पत्र्याच्या पेटीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "नोकरी कर. चांदावर जा. कागद न्हाई जायचे."

ही पेटी दाराच्या आत, डाव्या हाताला, चौदा वर्षं तिथंच आहे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडगीला लागते. लातूरच्या पुष्कळ घरांत दारापाशी अशी एक पेटी नाहीतर पिशवी असते. जमीन हलली तर माणूस आणि कागद एकदमच बाहेर पडले पाहिजेत. चाचीचं माहेर औसा तालुक्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते घर बसलं. तिचा भाऊ मुनीब माती उकरून जिवंत काढला. त्याला रेल्वेचा कॉल आला होता, महिन्याभरात दहावीची मूळ सनद घेऊन हजर व्हायचं होतं. सनद घरात होती, आणि घर राहिलं नव्हतं. तो दोन वर्षं कचेऱ्या हिंडला. प्रत्येक ठिकाणी साहेब हळहळले, चहा दिला आणि म्हणाले, "ओरिजिनल?" दुसरी सनद हातात आली तेव्हा वयाची मर्यादा गेली होती. मुनीबमामा आता नव्या गावात पंक्चर काढतात. येतात तेव्हा पेटीला पाय लागला तर पेटीला नमस्कार करतात.

म्हणजे पेच असा: कागद द्यायचे नाहीत, तर दोन्ही नोकऱ्या गेल्या. मग आपा त्या मागच्या खोलीत, चार हजार पोरांच्या गोलांबरोबर, आयुष्यभर. दोन-तीन वर्षांनी कुणी हिला बोलावणारही नाही. हे तिला माहीत होतं. चाचीलाही माहीत होतं, म्हणून तर चाची त्या दिवशी जेवली नाही.

मला वाटलं आता रडारड होईल. आपा शांतपणे म्हणाली, "आधी बघू तर. कोणत्या पोत्यासाठी भांडायचं ते."

आणि ती चाचाला घेऊन पुण्याला गेली. कंपनीत नाही, कंपनीच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर. परत आल्यावर सगळं सांगत होती आणि मी तोंडपाठ करत होते. जेवणाच्या सुट्टीत माणसं बाहेर आली. पहिल्यांदा आलेल्या चौघांना तिनं सोडून दिलं. "ते पोत्याचं तोंड. हसत हसत येतात." मधल्या गर्दीतली अकरा जणं तिनं एकेक करून गाठली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. पगाराचा नाही, साहेबाचा नाही. "काल दिवसभरात तुम्ही काय लिहिलं?"

अकरातल्या आठ जणांनी काहीच लिहिलेलं नव्हतं.

"बेंचवर आहे मी," एक जण म्हणाला. बेंचवर म्हणजे काम येईपर्यंत नुसतं बसायचं, पगार चालू. "पाच महिने झाले. मस्त! एसी आहे, टेबलटेनिस आहे, फक्त कार्ड पंच करायचं." दुसरी म्हणाली, "मी तर कोडिंग विसरलेच गं," आणि इतकी गोड हसली की चाचांनाही हसू आलं. चाचांनी एवढ्या वेळात टपरीवरचे फुटाणे मुठीत घेऊन बघितले होते आणि टपरीवाल्याला "गेल्या सालचे हायत" असं सांगून त्याचं तोंड वाकडं केलं होतं.

परत आल्यावर आपानं पुण्याच्या कंपनीत भरती बघणाऱ्या मॅडमला फोन लावला, स्पीकरवर. ती मॅडम वाक्य संपायच्या आधीच हसायला लागायची, त्यामुळं शेवटचा शब्द कधीच नीट कळायचा नाही.

"मला कोणतं काम देणार तुम्ही?"

"कहकशां, डोंट वरी! जॉइन तर करा! वुई आर अ फॅमि-हि-हि-ली!"

"फॅमिलीत कोण काय करतंय ते ठाऊक असतं की, मॅडम."

तिकडं पाच सेकंद कुणीच हसलं नाही. मला वाटतं त्या मॅडमचा तो विक्रम असेल.

पुढच्या आठवड्यात हैदराबाद. लातूरहून बसनं उदगीर, तिथून रेल्वे. तिथंही कंपनीत नाही, खालच्या चहाच्या गाड्यावर. पण तिथं तिला प्रश्न विचारावाच लागला नाही. दोन पोरं आणि एक पोरगी कपबशा बाजूला सारून कडाकडा भांडत होती. भांडण असं: त्यांचं सॉफ्टवेअर नव्या बाळाचा नंबर तयार करताना आईचं नाव, तारीख आणि वेळ घ्यायचं. एका दवाखान्यात जुळी झाली आणि नर्सनं दोघांची वेळ एकच टाकली. दोन बाळं, नंबर एक. एकाची लस दुसऱ्याच्या फाईलवर चढली.

एक म्हणत होता सेकंद पण घेऊ. दुसरा म्हणत होता वजन घेऊ. आपा अर्धा तास उभी राहून ऐकत होती, हातातला चहा गार. शेवटी तिला राहवलं नाही.

"माणसातून नंबर काढूच नका," ती म्हणाली. "नंबर आधी द्या, कोरा. माणूस मागून जोडा. माझ्याकडं एकाच नावाची, एकाच तारखेला जन्मलेली दोन पोरं होती, पंढरी अन् पंढरी. दोघांचे मार्क एकाला."

तिघं थांबली. मग त्या पोरीनं विचारलं, "तुम कौनसी टीम में हो?"

"अभी किसीकी नहीं. शनिवार तक बताती."

आपा हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा बघायला पाहिजे होता. पुण्याचा पगार ऐकून चाचांचा झाला होता त्याच्या दुप्पट. चाचांनी फक्त एवढंच म्हटलं, "दाना चांगला हाय. बारीक हाय, पन भरलेला हाय."

चाची पेटीवर बसून होती. "अन् सातवं कलम?"

शुक्रवारी सकाळी आपा जिन्यावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, आज फोन करून ती ओळ खोडायला सांगते. मला हसूच आलं. "आपा, छापील लेटर हाय ते! आमच्या कॉलेजात दाखल्याची झेरॉक्स एका बाजूला काळी आली तर परत पाठवतात. इथं कंपनी तुझ्यासाठी ओळ खोडती होय?"

"लाव पैज."

"लावली. काय?"

तिनं अंगणातल्या नळाकडं बघितलं. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी येईल ते नळालाच माहीत, आणि आला की सगळं सोडून भरायचं. ते काम आपाचं, चाचीची कंबर धरलेली असल्यानं. "ओळ खोडली तर तुझी बारावी होईपर्यंत नळ तू भरायचा. न्हाई खोडली तर माझा मोबाईल तुझा."

मी तिथल्या तिथं रिंगटोन ठरवून टाकली.

दहा वाजता फोन लागला. स्पीकर चालू, मोबाईल खाटेवर. चाचा उभे, चाची पेटीवर, मी चौथ्या पायरीवर. हैदराबादच्या कंपनीत भरती बघणारा माणूस नाकातून आणि फार सावकाश बोलायचा, जणू प्रत्येक शब्द परत द्यायचा आहे.

"नक्को मॅडम, पॉलिसी है ना. सबके लेते."

"लेते तो रखते कहाँ?"

"चौथे माले पे. लोहे की अलमारी है. मजबूत."

"एकीच?"

"एकीच है."

"चाबी?"

"मेरे पास."

"आप छुट्टी पे गए तो?"

उत्तराची वाट न बघता आपानं पुढचं विचारलं.

"और अस्पतालों का डेटा आप लोगां कितनी जगह रखते?"

"वो टेक्निकल बात है मॅडम, मेरेकू नहीं मालूम."

"तो टेक्निकल को पूछिए. मैं रुकती."

कुणी नोकरी मागताना असं बोलतं? आम्ही बसच्या कंडक्टरला सुटे पैसे मागतानाही दोनदा साहेब म्हणतो. चाचा डोळे मिटून उभे होते, दाताखाली दाणा असावा तसे. बऱ्याच वेळानं दुसरा आवाज आला, जाड, घाईतला, तेलुगू वळणाचा.

"अम्मा, डेटा दो जगह रखते. इधर एक, चेन्नई में एक. क्यों?"

"इधर आग लगी तो?"

"चेन्नई है ना अम्मा."

"और हमारे कागदां, सर?"



मग आपानं मुनीबमामाची गोष्ट सांगितली. पाच-सहा वाक्यांत, आवाज न चढवता, न पाडता. घर, सनद, कॉल, दोन वर्षं, वय. पंक्चरचं दुकान सांगितलं नाही. आणि म्हणाली, "बाँड पे मैं साइन करती, सर. दो साल बोले तो दो साल. अस्सल कागदां लाती, आप हात में लेके देखो, कॉपी रखो, शिक्का मारो. लेकिन उसीच दिन वो मेरे घर वापस जाते."

"तुम वोही ना," तो आवाज म्हणाला, "चाय के ठेले पे ट्विन्सवाली?"

"हौ."

"हम्म. शनिवार छोड दो. बुधवार तक देखते."

फोन बंद. चाची म्हणाली, "देखते बोलतंय मंजी न्हाई बोलतंय." मला आतून बरं वाटलं, मोबाईलमुळं, आणि त्याची लाज पण वाटली. शनिवारी आपानं पुण्याला "नाही" कळवून टाकलं. हैदराबादचं काहीच ठरलेलं नसताना! गल्लीत त्या दिवशी तिच्या डोक्याबद्दल बरंच बोललं गेलं. बकरीची गोष्ट मला वाटतं तेव्हाच जन्मली, कारण लोकांना दुसरं काही कारणच सापडेना.

बुधवारी ईमेल आला. आपानं तो क्लासमध्येच, निकालाच्या प्रिंटरवर छापून आणला. सातवं कलम होतं, पण नवं होतं: मूळ कागदपत्रं तपासून उमेदवाराला त्याच दिवशी परत देण्यात येतील. तिच्या एकटीच्या लेटरात नाही, यापुढं सगळ्यांच्याच. खाली त्या जाड आवाजाच्या साहेबांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. कपाट उघडून सगळ्यांचे कागद परत दिले, दोघांचे अजून सापडत नाहीयेत, शोध चालू आहे.

आपानं त्या दोन ओळी चाचीला वाचून दाखवल्या. मला वाटलं चाची म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते? पण ती त्या न सापडलेल्या दोघांचा विचार करत असावी. मग उठली, पेटी उघडली, सगळे कागद काढून ओढणीत बांधले आणि म्हणाली, "मी येते संगं."

आणि खरंच गेली. कंबर धरलेली बाई उदगीरहून रेल्वेनं हैदराबादला गेली, चौथ्या माळ्यावरच्या सोफ्यावर मांडीवर गाठोडं घेऊन बसली, एकेक कागद स्वतः पुढं केला, स्वतः परत घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे कागद मोजून पेटीत ठेवले. पोरगी तिकडं राहिली, कागद इकडं आले. आता ती पेटीवर न बसता जेवते.

आपा गेल्यानंतर चौथ्या दिवशी, मी ऐन टेस्ट सोडवत असताना, खालून हाक आली, "उज्वला, नळ!" दोन हंडे, चार घागरी, वरची टाकी. परीक्षेपर्यंत अजून तीसेक वेळा. हात दुखायला लागले तसं माझं डोकं चालायला लागलं आणि मी आपाला फोन लावला.

"तुला आधीच ठाऊक होतं ना ते ओळ खोडणार म्हणून?"

"न्हाई गं. अजिबात ठाऊक नव्हतं."

"मग पैजेला मोबाईल लावलास तो? गेला असता की!"

"न्हाई खोडली असती तर मी घरीच असते. मोबाईल मला कशाला लागतो घरी? पाणी बी मीच भरलं असतं." तिच्या मागं कुणीतरी कशावरून तरी भांडत होतं आणि ती जायच्या घाईत होती. "खोडली, तर मी इथं. मग नळाला माणूस पाहिजे होतं ना एक?"

मी घागर खाली ठेवली आणि तिथंच बसले. पैज मी बुधवारी ईमेल आला तेव्हा नाही, शुक्रवारी तिनं नळाकडं बघितलं तेव्हाच हरले होते.